कॉम्प्टन वेधशाळा: चालू दुर्बीण समुद्रात का पाडली?

६ डिसेंबर १९९९ रोजी पृथ्वीभोवती फिरणाऱ्या कॉम्प्टन गॅमा किरण वेधशाळेतला एक जायरोस्कोप, म्हणजे उपग्रह कुठल्या बाजूला वळतोय हे सांगणारं यंत्र, बंद पडला. वेधशाळेवर असे तीन होते. दोन उरले, आणि दोनांवर काम चालत होतं. उपकरणं निरोगी होती, सौर पॅनेल वीज देत होती, टाकीत इंधन होतं. तरीही सहा महिन्यांच्या आत, ४ जून २००० रोजी, नासाने हा सतरा टनांचा उपग्रह स्वतःच्या हाताने पॅसिफिक महासागरात उतरवला. आपला उपग्रह ठरवून, नियंत्रित पद्धतीने वातावरणात आणण्याची नासाची ही पहिलीच वेळ होती.

हा निर्णय तेव्हा अनेक शास्त्रज्ञांना पटला नव्हता. मला तो योग्य वाटतो. पण त्याबद्दल जे लिहिलं जातं त्यात एक गोष्ट बहुतेक वेळा राहून जाते. धोका किती होता हे सांगितलं जातं, तो कोणाच्या डोक्यावर होता हे सांगितलं जात नाही. या प्रकरणाचा नकाशा उघडला की त्यात मुंबई, पुणे, नागपूर, पणजी सगळं दिसतं.

वेधशाळा काय होती

दृश्य प्रकाशाच्या एका फोटॉनमध्ये, म्हणजे प्रकाशकणात, दोन-तीन इलेक्ट्रॉनव्होल्ट (सूक्ष्म ऊर्जा मोजण्याचं एकक) ऊर्जा असते. गॅमा किरणांच्या फोटॉनमध्ये ती लाखोंपासून अब्जावधी इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत जाते. असे किरण पृथ्वीचं वातावरण गिळून टाकतं, म्हणून ते थेट पकडायचे तर उपकरण वर नेण्यावाचून गत्यंतर नाही. शिवाय आरसा किंवा भिंग इथे चालत नाही, कारण एवढ्या ऊर्जेचा फोटॉन परावर्तित न होता आरपार जातो किंवा पदार्थावर आदळून आपलं रूप बदलतो. त्यामुळे गॅमा किरणांची दुर्बीण म्हणजे खरं तर कणशोधक यंत्र. ते जड असतं आणि त्याला मोठं आकारमान लागतं. कॉम्प्टनचं वजन सतरा टनांच्या घरात गेलं ते यामुळे, आणि पुढचा सगळा पेच या वजनातूनच उभा राहिला.

५ एप्रिल १९९१ रोजी अटलांटिस अवकाशयानातून ती वर गेली. दोन दिवसांनी तिला यानाबाहेर सोडण्याआधी मुख्य अँटेना उघडेना. पृथ्वीवरून आज्ञा पाठवून झाल्या, काही हललं नाही. शेवटी जेरी रॉस आणि जे ॲप्ट हे अंतराळवीर ठरलेलं नसताना बाहेर पडले आणि रॉसने हाताने ढकलून ती अँटेना मोकळी केली. १९८५ नंतर अमेरिकी अंतराळवीराने यानाबाहेर पाऊल टाकण्याचा तो पहिला प्रसंग होता. माणसाचा हात पोहोचू शकला म्हणून ही वेधशाळा सुरू झाली.

तिच्यावर चार उपकरणं होती. बॅट्सी हे आठ कोपऱ्यांवर बसवलेल्या शोधकांचं जाळं, जे आकाशात कुठेही गॅमा किरणांचा स्फोट झाला तरी टिपायचं. ऑसी आणि कॉम्प्टेल मधल्या ऊर्जेसाठी. आणि एग्रेट हे सर्वांत वरच्या पट्ट्यासाठी, २ कोटी ते ३ हजार कोटी इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत. एग्रेटमध्ये धातूच्या पातळ पत्र्यांवर गॅमा फोटॉन आदळून त्याची इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा धनभारित जुळा) अशी जोडी व्हायची, आणि त्या जोडीचा माग वायूने भरलेल्या कक्षात ठिणग्यांच्या रेषेने उमटायचा. वायू कालांतराने खराब व्हायचा आणि बदलावा लागायचा, आणि सोबत नेलेला साठा मर्यादित होता. शेवटच्या काही वर्षांत म्हणूनच एग्रेट जपून, अधूनमधून वापरलं जात होतं.

नऊ वर्षांत या वेधशाळेने काय दिलं? बॅट्सीने २,७०४ गॅमा स्फोट नोंदवले. ते आकाशात सगळीकडे सारखे विखुरलेले निघाले, आपल्या आकाशगंगेच्या पट्ट्यात गोळा झालेले नाहीत. हे स्फोट आपल्या दीर्घिकेतल्या न्यूट्रॉन ताऱ्यांवर होत असावेत, ही तोवरची रुळलेली समजूत तिथेच डळमळली. एग्रेटच्या तिसऱ्या यादीत २७१ स्रोत होते आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक स्रोतांची ओळखच पटत नव्हती. दूरच्या दीर्घिकांमधली महाकाय कृष्णविवरं गॅमा किरणांचे झोत आपल्या दिशेने फेकतात हे ठळकपणे दिसलं. आणि मला सर्वांत आवडणारा शोध कुणी मागितलेलाच नव्हता: पृथ्वीवरच्या गडगडाटी ढगांमधूनही गॅमा किरणांचे अतिशय छोटे झोत वर येतात. आकाशाकडे लावलेले शोधक खालच्या ढगांचा आवाज ऐकून आले.

हे सगळं सुरळीत झालं असंही नाही. १९९२ मध्ये माहिती साठवणारे टेपरेकॉर्डर बिघडले. त्यानंतर वेधशाळा जे पाहील ते त्याच क्षणी दळणवळण उपग्रहामार्फत खाली पाठवावं लागायचं. नासाचे हे उपग्रह तेव्हा अशा जागी होते की हिंदी महासागरावरचा एक पट्टा त्यांच्या नजरेआड राहायचा. कॉम्प्टन त्या पट्ट्यात आली की तेवढ्या वेळातली निरीक्षणं वाया जायची. त्यासाठी एक जुना दळणवळण उपग्रह ८५ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे भारताच्या दक्षिणेला महासागरावर, हलवला गेला आणि त्याच्याशी बोलायला ऑस्ट्रेलियात टिडबिनबिलाला ग्राहक केंद्र उभं राहिलं. बिघाड झाला तर वाट काढायची, ही या चमूची सवय होती. १९९९चा बिघाड आला तेव्हाही त्यांची पहिली प्रतिक्रिया तीच होती.

एक जायरो गेला म्हणजे काय झालं

भोवरा फिरत असताना त्याचा अक्ष दिशा धरून ठेवतो. याच गुणावर जायरोस्कोप चालतो, आणि उपग्रह किती आणि कुठल्या बाजूला वळतोय हे तो सांगतो. दोन जायरोंवर रोजची निरीक्षणं चालू शकत होती. प्रश्न निरीक्षणांचा नव्हताच. सतरा टनांचा उपग्रह खाली आणायचा तर इंजिनं अर्धा-अर्धा तास पेटती ठेवावी लागतात आणि तेवढा वेळ त्याचं तोंड अचूक दिशेला राहावं लागतं. तोंड जरा फिरलं की कक्षा भलतीच होते. दोनांपैकी आणखी एक जायरो गेला असता, तर त्या दिशेची खात्री देणं अवघड झालं असतं. राखीव काहीच उरलं नव्हतं.

इथे एक तुलना आपोआप समोर येते. त्याच सुमारास, १३ नोव्हेंबर १९९९ रोजी, हबल दुर्बिणीचा चौथा जायरो बंद पडून ती झोपी गेली होती. १९ डिसेंबरला डिस्कव्हरी यान सहा नवे जायरो घेऊन तिच्याकडे निघालं आणि नाताळच्या आठवड्यात ती पुन्हा कामाला लागली. हबल नियमित दुरुस्तीसाठीच बांधली होती, तिच्या भेटी वर्षानुवर्षे आधी आखलेल्या होत्या. कॉम्प्टनमध्ये कक्षेत इंधन भरण्याची सोय होती खरी, पण ती कधी वापरली गेली नाही. अवकाशयानांचं वेळापत्रक आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाच्या बांधणीने भरलं होतं. एकाच महिन्यात एका वेधशाळेला नवे जायरो मिळतात आणि दुसरीचा हिशोब सुरू होतो, याचं वाईट वाटतंच.

नासाच्या गोडार्ड केंद्रातल्या अभियंत्यांनी जायरोशिवाय उपग्रह सांभाळण्याची पद्धतही तयार केली होती. इतर संवेदकांच्या नोंदींवरून दिशा काढायची आणि त्यावर वेळ आली तर उपग्रह खालीही आणायचा. कॉम्प्टन चालू ठेवावी असं म्हणणाऱ्यांचा भर यावर होता. नासाच्या मुख्यालयाने ही पद्धत पुरेशी खात्रीची मानली नाही. अवकाश विज्ञान विभागाचे प्रमुख एड वायलर यांनी मार्च २००० मध्ये निर्णय जाहीर केला: वेधशाळा हातात आहे तोवरच खाली आणायची.

आकडे, आणि आकड्यांखालची माणसं

नासाचा हिशोब असा होता. वेधशाळा अनियंत्रित होऊन कोसळली, तर तिचे काही टनांचे तुकडे वातावरणात न जळता जमिनीपर्यंत पोहोचतील आणि त्यात कुणाचा जीव जाण्याची शक्यता साधारण १,००० मध्ये १. नियंत्रित पद्धतीने समुद्रात उतरवली तर ती सुमारे २ कोटी ९० लाखांमध्ये १.

हजारात एक म्हणजे किती? ही शक्यता कुणा एका ठरावीक माणसाची नव्हे, संपूर्ण पट्ट्यातल्या कोणालाही इजा होण्याची आहे. निर्णयाच्या विरोधात बोलणारे इथे एक रास्त मुद्दा मांडू शकत होते. हजारात एक ही शक्यता ताबा सुटला तरची आहे. पुढच्या वर्षभरात दुसरा जायरो जाण्याची शक्यता आणि त्यानंतर जायरोविना पद्धतही फसण्याची शक्यता या दोन्हींनी ती गुणायला हवी. गुणाकार केला की थांबण्याची खरी किंमत हजारात एकपेक्षा बरीच कमी निघते. गणित म्हणून हे बरोबर आहे. पण त्या गुणाकारातला एक आकडा कुणालाच नीट माहीत नव्हता: जायरोविना पद्धत सतरा टनांच्या उपग्रहावर, शेवटच्या उतरणीत, पहिल्याच प्रयत्नात चालेल का? ती चालते हे पाहायचा एकच मार्ग होता, आणि तो फसला तर दुसरी संधी नव्हती.

आता नकाशा. कॉम्प्टनची कक्षा विषुववृत्ताशी २८.५ अंशांनी कललेली होती, कारण तेच केप कॅनव्हेरल परिसराचं अक्षांश. अशा कक्षेतला उपग्रह २८.५ अंश उत्तर आणि २८.५ अंश दक्षिण यांच्या बाहेर कधीच जात नाही. त्याचे तुकडेही त्या पट्ट्यातच पडणार. नासाचं गोडार्ड केंद्र ३९ अंश उत्तरेला आहे. वॉशिंग्टन पट्ट्याबाहेर. युरोपची सगळी मुख्यभूमी बाहेर. अमेरिकेच्या राज्यांपैकी फ्लोरिडाचा बराचसा दक्षिण भाग, टेक्सासचं दक्षिण टोक आणि हवाई, एवढंच आत.

पट्ट्यात कोण होतं? मेक्सिको सिटी, लागोस, ढाका, बँकॉक, मनिला, साओ पाउलो. पणजी साडेपंधरा अंशांवर, पुणे साडेअठरा, मुंबई एकोणीस, नागपूर एकवीस: सगळं महाराष्ट्र आणि गोवा आत. आणखी एक गोष्ट आहे जी कक्षेचं गणित करणाऱ्यांना ठाऊक असते पण बातम्यांत येत नाही. उपग्रह आपल्या पट्ट्यात सगळीकडे सारखा वेळ घालवत नाही. उत्तर-दक्षिण कडांजवळ तो वळतो, त्यामुळे तिथे त्याचा वेळ जास्त जातो. २५ ते २८ अंश उत्तरेला काय आहे? पाटणा, वाराणसी, कानपूर, लखनौ. पृथ्वीवरच्या सर्वांत दाट वस्तीच्या मैदानांपैकी एक, गंगेचं मैदान, नेमकं त्या कडेखाली येतं.

मला हा या प्रकरणाचा गाभा वाटतो. वेधशाळेचा लाभ सगळ्या जगाच्या विज्ञानाला झाला हे खरं. पण ती आणखी दोन वर्षं चालवायची की नाही हे ठरवणारे पट्ट्याबाहेर होते आणि धोका झेलणारे पट्ट्याच्या आत. आतल्यांना कुणी विचारलं नव्हतं, विचारण्याची व्यवस्थाही नव्हती. ज्यांना विचारता येत नाही त्यांच्या जिवावर आपण सूक्ष्म शक्यतांचे गुणाकार करत बसायचं नाही, असं कुणीतरी ठरवावं लागतं. वायलर यांनी हे नेमक्या याच शब्दांत मांडलं असं मी म्हणत नाही. परिणाम मात्र तोच झाला.

आपल्याकडे जुन्या पिढीला जुलै १९७९ आठवत असेल. स्कायलॅब पडणार म्हणून देशभर घबराट होती, गावोगावी अफवा होत्या. ती ११ जुलैला पडली, तिचे तुकडे पश्चिम ऑस्ट्रेलियात सापडले आणि कुणालाही इजा झाली नाही. त्या दिवसांकडे आज हसून पाहिलं जातं. पण लोकांची भीती मूर्खपणाची नव्हती. ७५ टनांहून जड वस्तू कुठे पडेल हे ती वर सोडणाऱ्यांनाच नक्की सांगता येत नव्हतं.

उतरण

बॅट्सीने २६ मे २००० पर्यंत नोंदी घेतल्या. मग उपकरणं बंद झाली. इंजिनांचा पहिला दाह, म्हणजे इंजिनं ठरावीक वेळ पेटवणं, ३० मेच्या रात्री झाला, दुसरा त्यानंतरच्या रात्री. दर वेळी कक्षेचं पृथ्वीजवळचं टोक आणखी खाली आलं. प्रत्येक दाहानंतर मोजमाप करून पुढचा आखायचा, अशी रीत ठेवली होती. शेवटचे दोन दाह ४ जूनला, लागोपाठच्या फेऱ्यांमध्ये झाले. भारतात रविवारचे साधारण पावणेबारा वाजले असताना वेधशाळा हवाईच्या आग्नेयेला, पॅसिफिकच्या निर्जन भागावर वातावरणात शिरून फुटली. उरलेले तुकडे ठरवलेल्या पाण्यात पडले. दोन जायरोंवर, हवं तसं.

त्यानंतरची पोकळी

निर्णय योग्य होता म्हणजे किंमत पडली नाही असं नाही. गॅमा स्फोट टिपण्याचं काम ऑक्टोबर २००० मध्ये गेलेल्या हेटी-२ने आणि २००४ मध्ये गेलेल्या स्विफ्टने उचललं, मधल्या ऊर्जेसाठी २००२ मध्ये युरोपची इंटेग्रल गेली. पण एग्रेटच्या पट्ट्यात, १० कोटी इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर, आकाश सात वर्षं जवळजवळ बंद राहिलं. २७ डिसेंबर २००४ रोजी एसजीआर १८०६-२० या चुंबकताऱ्यावर (प्रचंड चुंबकीय क्षेत्र असलेल्या न्यूट्रॉन ताऱ्यावर) झालेला महास्फोट इतका प्रखर होता की त्याने पृथ्वीच्या वरच्या वातावरणातलं आयनीकरण बदललं. त्या दिवशी या वरच्या पट्ट्यात पाहणारी एकही दुर्बीण कक्षेत नव्हती.

दोष शोधायचाच तर तो २०००च्या निर्णयात नाही, त्याआधीच्या दशकात आहे. कॉम्प्टन म्हातारी होतेय हे दिसत असताना तिची वारस तयार ठेवायला हवी होती. ग्लास्ट या नावाने आखलेल्या त्या वारस दुर्बिणीचं मुख्य उपकरण कोण बांधणार हे ठरलं, तेच मुळी २००० साली.

पोकळी भरायला आधी इटलीची छोटी आजिले आली, आणि तिला कक्षेत नेलं आपल्या पीएसएलव्ही प्रक्षेपकाने. २३ एप्रिल २००७ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलेलं पीएसएलव्ही-सी८ हे इस्रोचं परदेशी ग्राहकाच्या उपग्रहासाठीचं पहिलं स्वतंत्र व्यावसायिक उड्डाण. आजिलेचं वजन साडेतीनशे किलो, कॉम्प्टनच्या दोन टक्के. तरी २०१० मध्ये खेकडा तेजोमेघाचे (फुटलेल्या ताऱ्याच्या अवशेषाचे) गॅमा भडके तिने पकडले, तेही ज्या स्रोताला सगळे स्थिर मानून आपली उपकरणं त्याच्यावर ताडून पाहत त्याचे. पुढे २०१५ मध्ये गेलेल्या भारताच्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) घडलेलं आणि पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचा मोठा वाटा असलेलं सीझेडटीआय उपकरण बसलं. ते गॅमा स्फोट नोंदवतं, म्हणजे बॅट्सीच्या कामातला एक भाग आता आपल्याकडून होतो.

ग्लास्ट ११ जून २००८ रोजी गेली आणि तिचं नाव फर्मी झालं. तिच्यात वायूचे कक्ष नाहीत, सिलिकॉनच्या पट्ट्या आहेत, त्यामुळे एग्रेटसारखं काही संपत जात नाही. आणि तिच्यात थ्रस्टर, म्हणजे छोटी इंजिनं, आहेत. आयुष्य संपल्यावर तिला समुद्रात उतरवण्यासाठी, फक्त एवढ्याचसाठी.

२९ मार्च २०१२ रोजी फर्मीच्या प्रकल्प शास्त्रज्ञ ज्युली मॅकएनेरी यांना टक्कर-इशारा देणाऱ्या यंत्रणेचा संदेश आला. कॉसमॉस १८०५ हा शीतयुद्धकाळातला दीड टनाचा मृत सोव्हिएत हेरगिरी उपग्रह ४ एप्रिलला फर्मीच्या मार्गात येत होता. सुधारित गणितात दोघं एकाच बिंदूतून केवळ ३० मिलिसेकंदांच्या अंतराने जाणार असं दिसलं, ताशी सुमारे ४४,००० किलोमीटरच्या सापेक्ष वेगाने. चुकवायला एकच साधन होतं: ते थ्रस्टर, जे कधीच पेटवलेले नव्हते. न वापरलेल्या नळ्यांतून पहिल्यांदा इंधन सोडताना गळती किंवा स्फोट झाला तर दुर्बीण तिथेच संपली असती. ३ एप्रिलला फर्मीने निरीक्षणं थांबवली, सौर पॅनेल आणि अँटेना आवरून घेतली आणि एक सेकंद थ्रस्टर पेटवले. तासाभरात ती पुन्हा आकाश पाहू लागली. दुसऱ्या दिवशी कॉसमॉस तिच्यापासून जवळपास दहा किलोमीटरवरून गेला.

खाली राहणाऱ्या माणसांसाठी म्हणून जे वजन आणि जो खर्च दुर्बिणीवर चढवला होता, त्यानेच दुर्बिणीला वाचवलं. सुरक्षेची तरतूद म्हणजे विज्ञानाच्या वाट्यातून काढलेली रक्कम, असं मानणाऱ्या प्रत्येक प्रकल्प आराखड्यासमोर हा प्रसंग ठेवायला हवा.

फर्मीच्या बाबतीत कॉम्प्टनचा प्रश्न अजून यायचा आहे. १६ मार्च २०१८ रोजी तिचं एक सौर पॅनेल फिरायचं बंद झालं. चमूने आकाश पाहण्याची पद्धत बदलली आणि काम चालू ठेवलं. तिची कक्षा साडेपंचवीस अंशांची आहे, महाराष्ट्र आणि गोवा तिच्याही पट्ट्यात आहेत, आणि पाटणा अगदी तिच्या कडेवर आहे. कुठला बिघाड सोसायचा आणि कुठल्या बिघाडावर 'आता उतरवा' म्हणायचं, ही रेषा तिच्यासाठी आधीच आखून जाहीर करावी. ती आखताना पट्ट्यातल्या देशांच्या अवकाश संस्था, त्यात इस्रोही, त्या टेबलाशी असाव्यात.